भोकमोज्यांची बारीक जाळी

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर कुणीच नाही. डावीकडे खिडकी, तिच्याखाली बंद पडलेलं शिवणयंत्र, त्यावर जुन्या वर्तमानपत्रांची चळत. उजवीकडे भिंतीला टेकून तीन फूट लांबीचा फिशटँक, आत हिरवट उजेड आणि हवेच्या पंपाची अखंड घरघर. मधोमध दोन खुर्च्या. टाकीकडे तोंड केलेली माझी. टाकीकडे पाठ करून खिडकीला सामोरी बसलेली माझ्या नणंदेची. दारावर टकटक होते. बेल आहे, चांगली चालते, तरीही टकटकच. कारण बेलच्या आवाजाने मासे दचकतात असं येणाऱ्याचं ठाम मत आहे. दार उघडलं की आधी बादली आत येते, मग रबरी नळीचं वेटोळं, आणि त्या दोघांच्या मागून माणूस.

हे आमचे भोकमोजे.

हे त्यांचं आडनाव नव्हे. आमच्या वन्संनी ठेवलेलं नाव. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होत्या, त्यामुळे बोलणं मोजून आणि ऐकणं पुरेपूर. भोकमोजे पहिल्यांदा घरी आले तेव्हा वन्संनी सहज विचारलं, "या धंद्यात येण्याआधी काय करत होतात?"

"मच्छरदाणीच्या कारखान्यात होतो, ताई. सव्वीस वर्षं."

"काय काम?"

"भोकं बघायचो."

वन्संनी चष्मा खाली घेतला. "म्हणजे मोजायचात?"

"मोजायचो म्हणा हवं तर. टेबलाखाली दिवा, वरून कापड सरकतं. एखादा टाका सुटला की भोक मोठं होतं, आणि मोठ्या भोकातून डास आत येतो. तसं भोक दिसलं की कापडाच्या कडेला लाल दोरा बांधायचा. बस. सव्वीस वर्षांत माझ्या टेबलावरून वाईट तागा पुढे गेला नाही."

"भोकमोजे," वन्सं म्हणाल्या आणि पुन्हा शब्दकोड्यात शिरल्या. नाव चिकटलं. भोकमोज्यांनाही ते आवडलं असावं. पुढे फोनवर स्वतःच सांगायचे, "हां बाई, भोकमोजे बोलतोय."

कारखाना बंद पडला तेव्हा त्यांचं वय पन्नाशीच्या पुढे गेलेलं. दाढ दुखते म्हणून ते दातांच्या डॉक्टरांकडे गेले. तिथे बाहेरच्या खोलीत एक टाकी होती, काच शेवाळाने आंधळी झालेली. नंबर यायला वेळ होता. त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि बाहेरून पुसायला सुरुवात केली. मग बाही वर करून आतून. नंबर पुकारला गेला, हे उठले नाहीत. दुसऱ्यांदा पुकारला तेव्हा खांद्यापर्यंत ओले होते आणि दाढेचं दुखणं विसरले होते. डॉक्टरांनी दाढ काढली आणि टाकी त्यांच्या हवाली केली. तिथून एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. वर्षभरात दहा-बारा घरं झाली. त्यांची बायको म्हणायची, "आमच्या घरी कोण आजारी आहे ते यांना माहीत नसतं. लोकांच्या घरचे मासे मात्र सगळे नात्यातले."

काम करताना त्यांना बघणं हा माझा पंधरा दिवसांतून एकदाचा खेळ होता. चाळीस वर्षं मी रंगमंचावर काढली. अंगात काम मुरलेला माणूस मला लांबून ओळखू येतो. ते कधी खुर्चीवर बसायचे नाहीत. बादली उपडी करून तिच्यावर बसत. नळीचं एक टोक टाकीत सोडून दुसऱ्या टोकाने तोंडाने ओढ घेत आणि पाणी ओठांशी येण्याच्या अगदी आधी नळी बादलीत टाकत. मी विचारलं होतं, "कधी गिळलंत का हो?"

"एकदा. तेव्हापासून पोटात शेवाळ आहे. म्हणून तर मी असा शांत."

आणि त्यांचा एक नियम होता. ज्या घरची जाळी त्या घरातच राहायची. प्रत्येक टाकीमागे भिंतीत त्यांनी एक खिळा ठोकला होता, त्यावर त्या घरची जाळी. "बाई, माशांचा रोग दारातून येत नाही. जाळीतून येतो. ओली जाळी एका टाकीतून दुसऱ्या टाकीत गेली की संपलं."

पण घराघरांतल्या त्या जाळ्या म्हणजे हिरव्या, जाड, खरखरीत. त्यात माशाचा पर अडकायचा, खवला निघायचा. भोकमोज्यांचा जीव कासावीस व्हायचा. मग एके दिवशी पिशवीतून त्यांनी काहीतरी काढलं, रुमालात गुंडाळलेलं. कारखान्यातल्या शेवटच्या ताग्याचा उरलेला तुकडा. त्याची त्यांनी स्वतः जाळी शिवली होती. तारेवर बारीक नळी चढवलेली, शिवण बाहेरच्या बाजूला, पिशवी खोल.

"डोळे मिटा, बाई."

मी मिटले. पापणीवरून काहीतरी गेलं. वारा गेला म्हणाना.

"लागलं काही?"

"छे."

"माशाचं अंग म्हणजे पापणी असते, बाई. जाळी पापणीवरून फिरवून बघायची. तिथे टोचली तर माशालाही टोचणार."

मी मोठ्याने "वा!" म्हटलं. रंगमंचावरच्या माणसाचा "वा" साधा नसतो, तो शेवटच्या रांगेपर्यंत जातो. भोकमोजे लाजले. कानापर्यंत लाल झाले. आता वाटतं, तो "वा" मी जरा हळू म्हणायला हवा होता.

त्यानंतर दोन महिन्यांनी आमचे मासे मरायला लागले.

आधी एकाच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले. मग तिघांच्या. ते दगडांना अंग घासायचे, मग वर येऊन तोंड उघडत पडायचे. भोकमोजे रोज आले, न बोलावता. औषध टाकलं, पाणी बदललं. नऊ दिवसांत अकरा मासे गेले. शेवटचा गेला त्या दिवशी मी त्यांना विचारलं, "अहो, खाणं जास्त पडतंय का यांना?"

त्यांचा हात बादलीत होता.

"होऊ शकतं," ते म्हणाले.

खाणं घालायच्या वन्सं. सकाळ-संध्याकाळ एक एक चिमूट. माझे यजमान गेल्यावर या घरात त्यांनी आपणहून उचललेलं तेवढं एकच काम. सकाळी चहाच्या आधी त्या टाकीसमोर जाऊन उभ्या राहायच्या आणि माशांशी टेलिफोनच्या आवाजात बोलायच्या. "थांबा, जोडते. एकेकाने या."

आता पुढचं लिहिताना माझं मलाच तोंड लपवावंसं वाटतं. त्या रविवारी जुन्या नाटक मंडळीतले तिघे चहाला आले होते. रिकामी टाकी बघून विचारपूस झाली. आणि मी, चार लोक समोर बसले की ज्या बाईचं भान सुटतं ती मी, उठून उभी राहिले आणि वन्संची नक्कल केली. ती चिमूट मी अशी भरली की मूठच झाली. ती मूठ टाकीवर उधळली. "जेवा रे बाळांनो! घास घ्या! अजून घ्या! मेलात? मग आता तरी पोटभर घ्या!" मंडळी हसून हसून लोळली. वन्संही हसल्या. मग त्यांनी कप गोळा केले आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची खुर्ची खिडकीकडे वळलेली होती. खाण्याचा डबा माझ्या उशाशी आणून ठेवला होता. नवे मासे आले तेव्हा मी म्हटलं, "वन्सं, घाला की तुम्ही." त्या म्हणाल्या, "नको. माझी चिमूट मोठी आहे."

मी माफी मागितली नाही. मनाशी म्हणायची, मी बोलले ते फार लागलं असेल, पण खोटं तर नव्हतं. खुद्द भोकमोजे म्हणाले की. असे सात महिने गेले.

मग एका सकाळी टाकीत पिल्लं दिसली. गप्पी मासे अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात, आणि आयाच ती गिळतात. वीस-पंचवीस असतील, पापणीच्या केसाएवढी. एक मोठी मासळी शांतपणे एकेक टिपत होती. मी भिंतीवरची जाळी घातली तर पिल्लं भोकांतून निघून गेली आणि एकाचं डोकं भोकात अडकलं. मी फोन केला. भोकमोजे अर्ध्या तासात हजर.

"तुमची ती पापणीवाली काढा लवकर," मी म्हटलं.

"ती नाही आता."

"हरवली?"

"नाही." त्यांनी पाण्यातली मोठी झाडं उपटून कोपऱ्यात दाट लावली, पिल्लांना लपायला. "चला बाई, दुकानातून आणू. तुम्हीही चला. निवडायला दोन डोळे जास्त असलेले बरे."

सव्वीस वर्षं एकट्याच्या डोळ्यांवर भोकं बघितलेला माणूस मला सोबत बोलावत होता. मला त्याचं नवल वाटायला हवं होतं. मी मात्र चपला घातल्या आणि खुशीत निघाले.

दुकान म्हणजे एक लांब बोळ. दोन्ही बाजूंना टाक्या रचलेल्या आणि शेवटी एक धिप्पाड दुकानदारीण. तिचा एक हात पाण्यात, दुसऱ्या हातात फोन, आणि बोलणं तिसऱ्याशीच. जाळ्यांचा घोस छताला लटकत होता. भोकमोज्यांनी एकेक उतरवायला सुरुवात केली. उजेडाकडे धरायची, ताणायची, कडेवरून अंगठा फिरवायचा, बाजूला ठेवायची.

"काका, जाळी बघताय की नवरी?" दुकानदारीण म्हणाली.

"नवरीला एवढं कोण बघतं? तीच आपल्याला बघून घेते."

"ही घ्या, सगळ्यात बारीक. हिच्यातून पाणीसुद्धा विचारून जातं."

"तेच तर वाईट. पाणी जात नाही, म्हणजे जाळी पाण्याला ढकलत नेते. पिल्लाला कळतं की भिंत चालून येतेय. मग ते पळतं, तुम्ही पाठलाग करता, आणि ते दमून मरतं." मग माझ्याकडे वळून, "बारीक हवी बाई, पण मऊ विणलेली. पाणी सोडणारी. पांढरी, म्हणजे पिल्लू वर दिसेल. कोपरे गोल. आणि गाठ आत नको. ही बघा, हिची गाठ आत आहे. नापास."

"अहो, एवढी परीक्षा मी शाळेत दिली असती तर दुकानात कशाला बसले असते?" दुकानदारीण म्हणाली.

नववी जाळी त्यांनी डोळे मिटून स्वतःच्या पापणीवरून फिरवली. भर दुकानात, चार गिऱ्हाइकं बघत असताना. मग दुसऱ्या पापणीवरून. "ही," ते म्हणाले.

"दोन घ्या की," दुकानदारीण म्हणाली. "एक बाईंना, एक तुमच्या पिशवीत. दहा घरं हिंडता."

"पिशवीत जाळी ठेवत नाही मी."

"असं कसं? ठेवत होतात की. स्वतः शिवलेली. मला दाखवायला आणली होतीत, दातांच्या डॉक्टरांकडे जाताना. केवढा तोरा होता! मी म्हटलं, काका, मला पन्नास शिवून द्या."

भोकमोज्यांनी जाळी गल्ल्यावर ठेवली आणि बाहेर गेले. मी ती बांधून घेऊन बाहेर आले तर ते दुकानाच्या पायरीवर बसलेले. उपड्या बादलीशिवाय कशावर बसलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"बाई, तुमचे मासे खाण्याने नाही गेले."

मी उभीच राहिले.

"ठिपके दिसायच्या आठवडाभर आधी मी डॉक्टरांकडून सरळ तुमच्याकडे आलो होतो. त्यांच्या एका माशावर दोन ठिपके होते. मला वाटलं, वाळूचे कण आहेत." ते थांबले. "नाही. वाटलं नाही. तसं वाटून घेतलं. माझी जाळी त्यांच्या टाकीतून निघालेली, ओली होती. जाड जाळी झटकली की सुकते. बारीक जाळी पाणी धरून बसते. हे मला माहीत नव्हतं असं मी कुणाला सांगू? माझा जन्म त्याच कापडात गेला."

"पण आमची जाळी होती ना भिंतीवर?"

"होती. तिला मी हात लावला नाही. माझीच काढली. तुम्ही समोर बसला होतात, बाई. तुम्ही मागे 'वा' म्हणाला होतात."

शेजारून एक माणूस सायकल हातात धरून गेला. त्याला वाट द्यायला भोकमोजे पाय जवळ घेऊन बसले, आणि तसेच बसून राहिले.

"आणि मी विचारलं तेव्हा? 'होऊ शकतं' म्हणालात."

"तेच तर. सरळ खोटं बोललो असतो तर निदान खोटं बोललो असं तरी म्हणता आलं असतं. कारखान्यात दुसऱ्याच्या चुकीला लाल दोरे बांधत आलो. माझी चूक आली, आणि मी कापड पुढे सरकवलं." त्यांनी तळहात गुडघ्यांवर घासले. "जाळी त्याच संध्याकाळी कात्रीने कापून टाकली. बायकोला सांगितलं, उंदराने कुरतडली. म्हणजे तिथे उंदराला पुढे केलं, आणि इथे ताईंना."

आधी मला राग आला. तो टिकला नाही. त्याच्यामागून काहीतरी हलकं हलकं वाटायला लागलं, आणि ते काय आहे हे कळलं तेव्हा माझीच मला शिसारी आली. मला वाटत होतं, चला, म्हणजे आपणही फसवलेच गेलो होतो. पण लगेच दुसरा हिशेब मांडला गेला. यांनी घरी जाऊन सांगितलं तर माझ्या नकलेखालचा पाट निघाला. "लागेल असं पण खरं" हे एवढंच माझ्याकडे होतं. मग मी माझा सगळ्यात उदार आवाज काढला. शेवटच्या अंकात राणी शत्रूला सोडून देते, तो आवाज.

"जाऊ द्या हो. झालं ते झालं. मासेच होते. वन्संना आता कशाला सांगायचं? त्या कधीच विसरल्या."

भोकमोज्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"त्या पाठ करून बसतात, बाई. मी दर पंधरा दिवसांनी ती पाठ बघतो."

मला वाटलं होतं, ते फक्त मला माहीत आहे.

आम्ही घरी परतलो. या वेळी त्यांनी टकटक केली नाही, मीच किल्लीने दार उघडलं. वन्सं खिडकीशी शब्दकोडं सोडवत होत्या. भोकमोजे त्यांच्या खुर्चीच्या मागे जाऊन उभे राहिले, नोकरीवर पहिल्या दिवशी उभं राहावं तसे, आणि चार-पाच वाक्यांत सांगून टाकलं. डॉक्टरांची टाकी, ओली जाळी, "होऊ शकतं". एकही सबब जोडली नाही. माझ्या "वा"चा उल्लेखही केला नाही.

वन्संनी पेनाला टोपण घातलं. सावकाश मागे वळल्या.

"किती महिने झाले?"

"सात."

"म्हणजे चौदा वेळा आलात. चौदा वेळा माझ्या हातचा चहा घेतलात."

"हो."

"साखर कधी जास्त झाली का?"

"नाही, ताई."

"मग माझा हात बरोबरच असणार."

मी पुढे झाले. "वन्सं, मीसुद्धा त्या दिवशी…"

"तुझं नंतर, वहिनी. तुझं मोठं आहे, त्याला निवांत वेळ लागेल." एवढंच बोलून त्या भोकमोज्यांकडे वळल्या. "आधी पिल्लं काढा. तुम्ही दोघं इथे तोंडं पाडून उभे राहिलात म्हणून ती मासळी जेवायची थांबणार नाही."

भोकमोज्यांनी नवी जाळी स्वच्छ पाण्यात खळबळून घेतली. काचेचा वाडगा कुणीतरी धरायला हवा होता. मी हात पुढे केला, पण वन्सं उठल्या, वाडगा त्यांनी घेतला आणि टाकीसमोर येऊन उभ्या राहिल्या. सात महिन्यांत पहिल्यांदा. त्याचा त्यांनी गाजावाजा केला नाही, आम्हीही नाही. पहिली दोन पिल्लं निसटली. तिसरं आलं. जाळी वाडग्यात उलटी केली की पांढऱ्यावरून एक काळा ठिपका पाण्यात उतरायचा आणि पळायला लागायचा. वन्सं बघत होत्या. चेहऱ्यावर काही नाही. नऊ पिल्लं मिळाली. बाकीची आईच्या पोटात गेली होती.

जाळी ठिबकत होती. भोकमोजे ती खिळ्याला अडकवायला वळले तेव्हा वन्संनी विचारलं. आवाज टेलिफोनवरचा, ना गरम ना थंड.

"आज ही जाळी आणायची वेळ आली नसती, तर सांगितलं असतंत?"

मी मनातल्या मनात त्यांना उत्तर पुरवत होते. सांगा, हो म्हणा. आज ना उद्या सांगणारच होतो म्हणा. कोण विचारणार आहे तुम्हाला पुरावा? एवढा एक शब्द टाका आणि सुटा, म्हणजे मागोमाग मलाही सुटता येईल.

त्यांनी जाळी खिळ्याला लावली, ओले हात विजारीला पुसले आणि वन्संच्या डोळ्याला डोळा दिला.

"नाही, ताई. नसतं सांगितलं."